मालिकेचा हरवलेला भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवरच्या कथामालिकांचे हरवलेले भाग हा माझा जुना नाद. तो माहीत असल्यामुळे लोक मला विचारत राहतात, आणि बहुतेक वेळा तेच तेच विचारतात. एकच उत्तर दहा जणांना दहा तऱ्हांनी देऊन झालं, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. क्रमाने वाचलं नाही तरी चालेल. मात्र जुनी कॅसेट किंवा फिल्मचा डबा समोर ठेवून बसला असाल, तर आधी प्रश्न ११ आणि १२ वाचा. तोवर कॅसेट कशातही घालू नका.

१. 'हरवलेला भाग' नक्की कशाला म्हणायचं? नेटवर मिळत नाही तो हरवलेला का?

नाही. नेटवर नाही याचा अर्थ एवढाच की कोणी तो टाकलेला नाही. ज्या भागाची एकही प्रत कुठे शिल्लक असल्याची खात्रीलायक माहिती नाही, तो हरवलेला.

पण लोक हा शब्द चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात आणि गोंधळ तिथूनच होतो. काही भागांची प्रत होती, ती पुसली गेली किंवा फेकली गेली. काहींची प्रत कधी बनलीच नाही. काहींची प्रत कंपनीच्या कपाटात धडधाकट आहे, पण ती बाहेर काढत नाहीत. आणि काही भाग मुळात कधी नव्हतेच. मला विचारल्या जाणाऱ्या भागांपैकी निम्म्याहून जास्त शेवटच्या दोन प्रकारांत निघतात. म्हणून 'कुठे मिळेल?' याआधी 'यातला कुठला प्रकार?' हे ठरवून घ्या. नाहीतर कपाटात असलेला भाग तुम्ही वर्षानुवर्षं जुन्या बाजारात शोधत बसाल.

२. एवढ्या मोठ्या वाहिन्यांनी स्वतःचेच कार्यक्रम पुसले कसे? अक्कल नव्हती का?

आजच्या नजरेने तसं वाटतं खरं. १९५६ मध्ये ॲम्पेक्स कंपनीने दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप बाजारात आणली, तेव्हा तासाभराच्या एका रिळाला सुमारे ३०० डॉलर पडत. एवढी महाग वस्तू, आणि पुसून पुन्हा वापरता येते हाच तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जायचा. मग पुसणं हा गुन्हा कसला, ती काटकसर होती.

त्यात कलाकार संघटनांशी झालेले करार आले. ब्रिटनमध्ये एखादा भाग किती वेळा आणि किती काळात पुन्हा दाखवता येईल यावर बंधनं होती. ती मुदत संपली की टेप नुसती जागा अडवायची. पुढे रंगीत टीव्ही आला. बीबीसीच्या मुख्य वाहिनीवर १९६९ च्या नोव्हेंबरपासून रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, आणि कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरलं नाही. घरी कॅसेट लावून मालिका बघायची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे दहा वर्षांनी कोणी हे विकत घेईल असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या मते खरी मेख खात्यांच्या वाटणीत होती. टेप एका खात्याकडे, परदेशी विक्रीच्या फिल्म दुसऱ्याकडे. दुसऱ्याकडे प्रत असेलच असं धरून दोघांनीही आपापली रद्दी काढली. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचे १९६३ ते १९६९ या काळात २५३ भाग झाले. त्यातल्या नव्वदहून अधिक भागांचं चित्र आज उपलब्ध नाही. ही साफसफाई १९७८ पर्यंत चालली, मग बीबीसीने जुने कार्यक्रम नीट जपायला सुरुवात केली.

अमेरिकेतली गोष्ट याहून कडू आहे. ड्युमाँट ही वाहिनी १९५६ मध्ये बंद पडली. तिचा साठा पुढे ट्रकांत भरून, तराफ्यावर चढवून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवला गेला, असं अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत सांगितलं.

३. टेप पुसल्या, तर मग जुने भाग उरले कसे?

फिल्ममुळे. टीव्हीच्या खास पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा आणि चालू कार्यक्रमाचं चित्रीकरण करायचं, अशी ही साधी युक्ती. परदेशी वाहिन्यांकडे टेपची यंत्रं असतीलच असं नव्हतं, पण १६ मिलिमीटरची फिल्म कुठेही दाखवता यायची. म्हणून विक्रीच्या प्रती फिल्मवर निघाल्या. देशोदेशी फिरल्यामुळे त्यांतल्या काही वाचल्या.

गंमत म्हणजे या पद्धतीत पडद्यासमोर जे येईल ते फिल्मवर उतरायचं. १९५३ च्या 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' या विज्ञानमालिकेच्या दुसऱ्या भागाची प्रत बघा. नाट्य ऐन रंगात आलेलं असताना एक किडा पडद्यावर येऊन बसलेला दिसतो. कथेशी त्याचा काही संबंध नाही, तो रेकॉर्डिंगच्या खोलीतला. त्या मालिकेचे सहाही भाग थेट प्रक्षेपित झाले. पहिले दोनच फिल्मवर घेतले, नंतर ते काम थांबवलं. उरलेले चार जसे घडले तसे हवेत विरले. प्रत बनलीच नाही असे भाग म्हणजे हे, आणि ते शोधण्यात अर्थ नाही.

४. हरवलेले भाग शेवटी सापडतात तरी कुठे?

जिथे ते असायला नको होते तिथे. परदेशी वाहिनीने फिल्म दाखवून झाल्यावर ती परत पाठवायची, नष्ट करायची किंवा पुढच्या देशाकडे धाडायची, असा नियम होता. नियम पाळण्यात कोणीतरी आळस केला की आपलं नशीब उघडतं.

'डॉक्टर हू'चीच उदाहरणं घ्या. १९८३ मध्ये लंडनच्या क्लॅपम भागात एका चर्चच्या इमारतीच्या तळघरात दोन भाग मिळाले. १९९१ मध्ये एका कथेचे चारही भाग हाँगकाँगच्या एका वाहिनीकडून आले. २०११ मध्ये दोन भाग एका निवृत्त अभियंत्याच्या संग्रहात निघाले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टीव्ही केंद्राच्या साठवणीच्या खोलीतून तब्बल नऊ हरवलेले भाग हाती लागल्याचं जाहीर झालं. त्यांत 'द वेब ऑफ फिअर' ही कथा होती, पण तिचा तिसरा भाग नाही. तो कुठे गेला यावर आजही वाद घालणारे लोक आहेत.

'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेच्या दुसऱ्या हंगामातले पाच भाग गायब होते. त्यातले दोन २००१ मध्ये परत आले. फेकून दिलेल्या फिल्म कोणीतरी उचलून वर्षानुवर्षं शेडमध्ये ठेवल्या होत्या, डबे गंजलेले.

आणि एक चमत्कारिक ठिकाण म्हणजे सेन्सॉरची कात्री. ऑस्ट्रेलियात 'डॉक्टर हू'चे भीतिदायक वाटलेले काही सेकंद कापले जायचे. हे कापलेले तुकडे सरकारी दप्तरात जमा होत गेले आणि १९९६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. म्हणजे काही भागांचं बाकी सगळं गेलं, आणि मुलांनी बघू नये म्हणून काढलेलं तेवढंच राहिलं!

५. एक भाग एकदाच दाखवला आणि मग कधीच लागला नाही. तो हरवलेला ना?

बहुतेक वेळा तो मागे घेतलेला असतो. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण मागे घेतलेल्या भागाची प्रत कंपनीकडे असते.

सगळ्यांत गाजलेलं उदाहरण 'पोकेमॉन'चं. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये दाखवलेल्या भागात लाल-निळा उजेड फार वेगाने लुकलुकत होता. त्यामुळे सहाशेहून अधिक प्रेक्षकांना, त्यांत बहुतेक मुलंच, रुग्णालयात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली. तो भाग पुन्हा कुठेही दाखवला गेला नाही.

'सेसमी स्ट्रीट'चा ८४७ वा भाग १० फेब्रुवारी १९७६ ला लागला. त्यातल्या चेटकिणीला मुलं घाबरली, पालकांच्या तक्रारी आल्या, भाग कपाटात गेला. तो नष्ट झाला अशी समजूत कित्येक वर्षं पसरलेली होती. २०२२ मध्ये तो अचानक नेटवर आला. हरवला कधीच नव्हता, फक्त ज्यांच्याकडे होता ते दाखवत नव्हते.

६. भागांच्या यादीत एक आकडा मधूनच गळालेला आहे. म्हणजे काहीतरी दडवलंय!

कधीकधी हो. जपानच्या 'अल्ट्रासेव्हन' मालिकेचा १२ वा भाग १९६७ मध्ये प्रसारित झाला. त्यातल्या परग्रहवासीयांचा उल्लेख अणुबॉम्बच्या पीडितांची आठवण करून देणाऱ्या शब्दांत झाल्याने मोठा निषेध झाला, आणि १९७० पासून भाग बंद. तेव्हापासून तिथल्या अधिकृत संचात ११ नंतर थेट १३ येतो.

पण इतकं नाट्य दर वेळी नसतं. चित्रीकरणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम वेगळा असतो, दोन भाग जोडून एक केलेला असतो, नाहीतर आकडा एखाद्या न बनलेल्या पटकथेला दिलेला असतो. आधी निर्मितीचे क्रमांक आणि प्रक्षेपणाच्या तारखा समोरासमोर मांडा. बहुतेक गूढं तिथेच संपतात.

७. चित्रीकरण झालं पण दाखवलाच नाही, असा भाग कशात धरायचा?

न दाखवलेला, एवढंच म्हणावं. 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुना भाग 'द केज' वाहिनीने नाकारला. मग त्यातली दृश्यं कापून १९६६ च्या एका कथेत वापरली. या कापाकापीत मूळ रंगीत निगेटिव्हचे तुकडे झाले, आणि बरीच वर्षं संपूर्ण भाग फक्त कृष्णधवल प्रतीतच होता. उरलेले रंगीत तुकडे मिळाल्यावर १९८८ मध्ये तो पहिल्यांदा टीव्हीवर पूर्ण रंगात लागला.

अर्धवट राहिलेले भाग आणखी वेगळे. 'डॉक्टर हू'ची 'शाडा' ही कथा १९७९ च्या संपामुळे अपुरी राहिली. त्यातलं न घेतलेलं दृश्य कोणाच्याही माळ्यावर सापडणार नाही.

८. मला लहानपणी बघितलेला एक भाग लख्ख आठवतो. कुठेच उल्लेख नाही. घरचे म्हणतात मी कल्पना केली. खरं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणारा थोडा दुखावलेला असतो. म्हणून सावकाश उत्तर देतो.

आधी तुमच्या बाजूने. 'सेसमी स्ट्रीट'मध्ये सत्तरच्या दशकात एक छोटी चित्रफीत लागायची. अंथरुणात पडलेली मुलगी भिंतीवरच्या भेगा बघते, त्या भेगांचे उंट, माकड, कोंबडी होतात, आणि मग एक रागीट चेहरा येतो. ज्यांनी ती लहानपणी बघितली, त्यांना मोठेपणी वाटायचं की हे आपल्याला तापात पडलेलं स्वप्न असावं. कुठेच नोंद नव्हती. २०१३ मध्ये ती नेटवर आली, आणि लोकांच्या आठवणी बऱ्याच अंशी बरोबर निघाल्या.

आता दुसरी बाजू. आठवण टेपसारखी राहत नाही. दर वेळी काढताना ती नव्याने जुळवली जाते, आणि जुळवताना शेजारच्या गोष्टी चिकटतात. दोन मालिकांत तोच नट असला की दोन्हींची दृश्यं एक होतात. जाहिरातीतला प्रसंग कथेत शिरतो. शेवट बघायच्या आत झोप लागली असेल तर मेंदू शेवट पुरवतो. शिवाय, पुनर्प्रक्षेपणात जास्त जाहिराती बसवायला भागातली मिनिटं कापतात. तुम्हाला आठवणारं दृश्य पहिल्या दिवशी खरोखर होतं, आणि आज मिळणाऱ्या प्रतीत ते नाही, असंही होऊ शकतं.

माझी पद्धत सांगतो. आठवतंय ते सगळं कागदावर लिहा, पण काहीही शोधण्याच्या आधी. खोली कुठली होती, टीव्ही रंगीत होता का, शेजारी कोण बसलं होतं, बाहेर उजेड होता का, हेही लिहा. कथेपेक्षा या गोष्टी जास्त कामाच्या ठरतात, कारण त्यांवरून वर्ष आणि वेळ काढता येते. मग ज्याने तो भाग बघितला असेल त्याला नुसतं विचारा, 'त्या मालिकेतलं काय आठवतं?' 'तो आरशातून हात येतो तो भाग आठवतो का?' असं विचारलंत तर समोरच्याच्या डोक्यात तुम्हीच तो हात घातलात. असा साक्षीदार मग काही कामाचा राहत नाही.

९. एका मालिकेचा भयंकर 'हरवलेला भाग' बघितल्याची वर्णनं फिरतात. रक्त, किंकाळ्या, मग स्टुडिओने पुरावे जाळले. यात तथ्य किती?

शून्य. ही भुताच्या गोष्टींचीच नवी जात आहे. यातली सर्वांत चांगली गोष्ट २००९ मध्ये क्रिस स्ट्रॉब यांनी लिहिली. तिच्यात काही मोठी माणसं एका बाहुल्यांच्या मालिकेच्या आठवणी एकमेकांना सांगतात, आणि ती मालिका मुळात कधी होती का हाच प्रश्न उरतो. लेखकाने ती कथा म्हणूनच लिहिली होती. तरीही त्या मालिकेचे 'मूळ भाग' मला अधूनमधून कोणीतरी मागतंच.

ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. सांगणारा नेहमी स्टुडिओत उमेदवारी करणारा असतो. टेपवर हाताने एकच शब्द लिहिलेला असतो. बनवणारा नंतर गायब झालेला असतो. तारीख, वाहिनी, वेळ यांतलं काही म्हणजे काही नसतं. खरा हरवलेला भाग याच्या नेमका उलटा असतो: त्याची तारीख, वेळ, कलाकारांची नावं, कधीकधी कपड्यांचं बिलसुद्धा मिळतं. नसतो तो फक्त भाग.

१०. ठीक, माझा भाग खरा होता असं धरू. शोध कुठून सुरू करू?

कागदांपासून. त्या काळच्या वर्तमानपत्रांतली टीव्ही कार्यक्रमांची रोजची यादी, कार्यक्रमांची साप्ताहिकं, ग्रंथालयातल्या बांधीव फायली. भाग लागला होता की नव्हता हे तिथे कळतं. एक सावधगिरी ठेवा: छापील यादी आदल्या आठवड्याची असते. ऐनवेळी सामना लांबला किंवा कोणा नेत्याचं निधन झालं की भाग बदलायचा, आणि यादी तशीच राहायची. म्हणून दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्रही बघा.

मग पटकथा. लेखक, दिग्दर्शक, संकलक यांच्या कागदपत्रांत ती टिकते. त्यानंतर परदेशी विक्री: कुठल्या देशात, कुठल्या भाषेत. डब केलेली प्रत मूळ प्रतीपेक्षा जास्त जगल्याचं अनेकदा दिसतं. माणसांना विचारायचं सर्वांत शेवटी, आणि तेव्हा हातात तारीख असू द्या. 'तुमच्याकडे जुनं काही आहे का?' याला कोणी उत्तर देत नाही. 'अमुक साली अमुक तारखेला तुम्ही ध्वनी विभागात होतात, त्या भागाची प्रत कोणी नेली आठवतं का?' याला देतात.

११. घरात जुन्या व्हीएचएस कॅसेटचं खोकं निघालं. लावून बघू का?

थांबा. कॅसेटच्या खिडकीतून आतल्या टेपकडे उजेडात तिरकं बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळीदार ठिपके दिसले तर ती बुरशी. मी हे न बघता एक कॅसेट लावली होती. पाच मिनिटांत चित्र बर्फ पडल्यासारखं झालं, आणि मी 'यंत्रच बिघडलं' असं समजून दुसरी कॅसेट लावली. मग तिसरी. बुरशी यंत्राच्या हेडवर बसली होती, तिथून ती पुढच्या दोघींना लागली. तिसरीत जे होतं त्याची दुसरी प्रत नव्हती.

टेप स्वच्छ असेल तर कॅसेटच्या मागच्या कडेला डावीकडे प्लास्टिकची छोटी पट्टी आहे का बघा. असेल तर ती तोडून टाका, म्हणजे चुकून वरून रेकॉर्ड होणार नाही. मग टेप एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे करून घ्या. बघायची ती पहिल्याच वेळी, आणि शेजारी डिजिटल नोंद चालू ठेवून. दुसरी वेळ मिळेलच असं नाही.

आणि लेबलवर विश्वास ठेवू नका. कॅसेट पार शेवटपर्यंत चालवा. कार्यक्रम संपल्यावर आधीच्या रेकॉर्डिंगची शेपटी उरलेली असते. लग्नाच्या कॅसेटच्या टोकाला एखाद्या मालिकेची अकरा मिनिटं मिळणं मुळीच नवलाचं नाही.

१२. फिल्मचा डबा उघडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास आला. वाया गेली का?

अजून नाही, पण वेळ कमी आहे. ॲसिटेट फिल्म कुजायला लागली की ॲसेटिक आम्ल सुटतं. तेच आम्ल कुजण्याचा वेग वाढवतं आणि शेजारच्या डब्यांनाही लागण करतं. डबा बाकीच्यांपासून दूर ठेवा, गार आणि कोरड्या जागी. फिल्म ताणून सरळ करू नका, प्रोजेक्टरवर तर अजिबात लावू नका. आकसलेल्या फिल्मची भोकं दात्यांना जुळत नाहीत आणि ती फाटते. सरळ एखाद्या चित्रपट संग्रहालयाला विचारा.

जुन्या व्यावसायिक टेप चिकट होतात तो आजार वेगळा. त्यांना प्रयोगशाळेत ५० अंश सेल्सियसच्या आसपास कित्येक तास शेकतात, मग त्या एकदा-दोनदा चालतात. हे वाचून घरच्या ओव्हनकडे बघू नका.

१३. फक्त आवाज मिळाला, चित्र नाही. मग भाग सापडला म्हणायचं का?

आवाज सापडला म्हणायचं. तेही काही कमी नाही. साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू'च्या एकूण एक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण त्या वेळच्या मुलांनी टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरून टेपरेकॉर्डर चालवले. जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार चालू कार्यक्रमाचे पडद्यावरून फोटो घेऊन ते कलाकारांना आणि दिग्दर्शकांना विकायचे. एका भागाचे साठ-सत्तर फोटो. आवाज आणि हे फोटो एकत्र केले की भागाचा बराचसा अंदाज येतो.

यावरून ॲनिमेशनही बनतं. 'डॅड्स आर्मी'च्या उरलेल्या तीन भागांचं २०१९ मध्ये नव्या नटांना घेऊन पुन्हा चित्रीकरण झालं. मला आवडतं असं काम, फक्त यादीत त्या भागापुढे 'सापडला' असं लिहिणाऱ्यांशी मी भांडतो. नटाने वाक्य म्हणताना भुवई कशी उचलली, हे आवाजात येत नाही.

१४. भाग रंगीत होता, प्रत कृष्णधवल आहे. रंग परत येतो का?

कधीकधी, आणि रंगवल्याशिवाय! रंगीत टेपवरून कृष्णधवल फिल्म काढताना रंगाचा संकेत गाळला नसेल, तर तो चित्रावर बारीक ठिपक्यांची नक्षी म्हणून उमटतो. एरवी ती नक्षी म्हणजे दोष. पण फिल्म पुरेशा बारकाईने स्कॅन केली की त्या ठिपक्यांतून मूळ रंग काढता येतात. 'डॅड्स आर्मी'चा एक भाग २००८ मध्ये असाच रंगीत झाला. ठिपके नसतील तर मग हाताने रंगवणं आलं, आणि ते अंदाजाचं काम.

१५. हरवलेले भाग खरंच इतके भारी असतात का, की हरवल्यामुळे वाटतात?

हरवल्याचा फायदा नक्की मिळतो. पण उलटंही होतं. 'डॉक्टर हू'मधल्या 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' या कथेच्या सहा भागांपैकी एकच उरला होता, तोही जरा संथ, त्यामुळे सगळी कथाच रटाळ असणार असं ठरून गेलं होतं. २०१३ मध्ये बाकीचे पाच मिळाले, आणि लोकांनी मत साफ बदललं.

१६. आता सगळं डिजिटल आहे. आता तरी काही हरवणार नाही ना?

पूर्वी निदान टेप, फिल्म, कॅसेट अशी वस्तू घरोघरी जायची. आता फक्त कंपनीच्या सर्व्हरवर असलेली मालिका एका सकाळी निघून जाते. 'विलो' ही मालिका २०२२ च्या अखेरीस आली, आणि २०२३ च्या मे महिन्यात डिस्ने प्लसने ती स्वतःच काढून टाकली. अशा मालिकांची प्रत कंपनीकडे असणार, म्हणजे त्या प्रश्न ५ मधल्या कपाटात गेल्या. पण परदेशातल्या आळशी कारकुनाकडे पडून राहिलेली जादा प्रत, जिच्या जिवावर प्रश्न ४ मधले बरेच शोध लागले, ती आता कुठे असणार?

१७. मला भाग मिळाला तर मी सरळ नेटवर टाकू का?

फिल्म तुमची असली तरी कथेचे हक्क तुमचे होत नाहीत. आधी हक्कधारकाला किंवा संग्रहालयाला कळवा. फिल्म उसनी घेऊन, प्रत काढून, परत देणं ही चालू पद्धत आहे, त्यामुळे वस्तू हातची जाईल असं समजू नका.

१८. अमुक संग्राहकाकडे भाग आहे म्हणतात. देत का नाही?

पहिली शक्यता: त्याच्याकडे नाहीच. अशा दहा बातम्यांतल्या नऊ कोणी कोणाला सांगितलेल्या निघतात.

असेल, तर बहुधा भीती. विक्रीच्या फिल्म नियमाप्रमाणे नष्ट व्हायच्या होत्या, म्हणजे आज जो बाळगतो त्याला आपण चोर ठरू असं वाटतं. ही भीती हवेतली नाही. ब्रिटनचे विनोदी कलाकार बॉब मंकहाउस यांच्यावर फिल्म संग्रहावरून खटला झाला. १९७९ मध्ये ते निर्दोष सुटले, पण जप्त झालेल्यांपैकी काही फिल्म त्यांना परत मिळाल्याच नाहीत. हे ऐकलेला म्हातारा संग्राहक दार लावून घेतो, आणि मग त्याच्या मागे घर रिकामं करणारी मंडळी डबे भंगारात देतात. म्हणून नाव जाहीर करून दबाव आणणाऱ्यांना मी साथ देत नाही. एक साधं पत्र लिहा आणि वाट बघा.

१९. सिनेमात पात्रं जी मालिका टीव्हीवर बघत असतात, तिचे पूर्ण भाग कुठे मिळतील?

कुठेच नाही. तेवढाच तुकडा चित्रित केलेला असतो. हसू नका, हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी येतो. त्यात विचारणाऱ्याची चूक नाही, त्या वीस सेकंदांत खरं वाटेल असं शीर्षकगीत, कपडे आणि खोटी दृश्यं कोणीतरी मन लावून बनवलेली असतात.

२०. सगळे हरवलेले भाग कधीतरी मिळतील का?

सगळे नाही. 'डॉक्टर हू'चा २५ डिसेंबर १९६५ ला, नाताळच्या शनिवारी दाखवलेला एक भाग आहे. नाताळची खास मौज म्हणून तो परदेशी विक्रीसाठी ठेवलाच नव्हता. विक्री नाही म्हणून फिल्म नाही, आणि टेप पुसली गेली. शेवटाला नट थेट कॅमेऱ्याकडे वळून घरच्या प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा देतो. त्या शुभेच्छा ऐकू येतात. कोणाच्या तरी घरात त्या संध्याकाळी टेपरेकॉर्डर चालू होता.